कोटाच्या बटणाचं मूळ पान

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. ही कुणी वाचणार नाही, त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही. (कुणी वाचणार असतं तरी खरंच लिहिलं असतं. अक्षर जरा बरं काढलं असतं, इतकंच.)

परिस्थिती अशी. ताईचं बटणांचं दुकान. पुढे काउंटर, मागे खोली. मागच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत लाकडी खण, आणि प्रत्येक खणाच्या कडीला त्या खणातलं एक बटण दोऱ्याने बांधलेलं. ताई डोळे मिटून कुठलाही खण उघडू शकते. पण दुकानात चालत येणारं गिऱ्हाईक कमी झालं आहे. हल्ली बाहेरगावचे टेलर वेबसाइटवरून बटणं मागवतात. मागवत असत. जानेवारीत वेबसाइट नव्याने लावण्यात आली आणि तेव्हापासून सर्चमध्ये आपलं दुकान कुठेच दिसत नाही. ती कुणी लावली या चर्चेत आता अर्थ नाही. मी लावली.

काल ताई म्हणाली, शेजारचा मोबाइल कव्हरवाला मागची खोली मागतो आहे. पुढे म्हणाली, अठ्ठावीस तारखेला मी माझ्या फोनवर ‘कोटाची बटणं’ असं शोधणार. पहिल्या पानावर आपलं दुकान आलं तर खोली आपली. नाही आलं तर एक तारखेपासून तिथे त्याची कव्हरं, आणि खण भंगारात.

मी म्हणालो, पंचवीस दिवस म्हणजे भरपूर झाले. ती म्हणाली, तू भरपूर म्हणालास की मी दिवस मोजायला लागते.

अठरा वर्षं पाठ्यपुस्तकांचा मुद्रितशोधक होतो. (प्रकाशन बंद पडलं. त्यात माझा दोष नव्हता, हे मी तपासून पाहिलं आहे.) पानांवरच्या चुका शोधणं हे माझं आयुष्य. वेबसाइट म्हणजे तरी काय, पानंच. शिवाय सहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केला आहे. पाच आठवडे पूर्ण.

संकल्प: रोज पाचला उठणे. आज सहा वाजले, पण संकल्प उठल्यावर केला, त्यामुळे तो उद्यापासून लागू.

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ७.३०

पाचला जाग आली होती. उठण्याचा प्रश्न वेगळा.

काल दिवसभर पानं मोजली. आपल्याकडे बटणांचे प्रकार २४०. प्रत्येकाचे रंग ८. मी प्रत्येक रंगाला स्वतंत्र पान दिलं होतं, कारण लाल बटणाला हिरव्या बटणाच्या पानावर पोटभाडेकरूसारखं राहायला लागू नये असं वाटलं. एकूण पानं १,९२०. आणि सगळ्यांवर मजकूर एकच: ‘उत्तम दर्जाचे, टिकाऊ व आकर्षक बटण.’ एक हजार नऊशे वीस वेळा.

कोर्सच्या चौथ्या आठवड्यात हेच सांगितलं होतं. याला डुप्लिकेट कंटेंट म्हणतात. सारखी पानं दिसली की सर्च गोंधळतो आणि सगळ्यांनाच मागे ढकलतो. उपाय दोन. पहिला, सारख्या पानांपैकी एकाला ‘मूळ पान’ म्हणून जाहीर करायचं. दुसरा, रीडायरेक्ट. म्हणजे जुन्या पत्त्यावर कुणी आलं तर त्याला गुपचूप नव्या पत्त्यावर नेऊन सोडायचं. घर बदलताना शेजाऱ्यांकडे निरोप ठेवतो, तसं. जानेवारीत मी सगळ्या पानांचे पत्ते बदलले आणि निरोप ठेवला नाही. माणूस घर बदलतो तेव्हा त्याच्या डोक्यात शंभर गोष्टी असतात.

काम सुरू करण्याआधी पूर्ण वेबसाइटचा बॅकअप घेतला. यापुढे रोज संध्याकाळी घेणार. (फक्त मूळ साइटचा. प्रतींच्याही प्रती काढणं हा वेडेपणा होईल.)

५ फेब्रुवारी, बुधवार

कोटाच्या चार भोकांच्या बटणापासून सुरुवात. आठ रंग. यातलं मूळ कोणतं?

ताईला विचारलं. ती म्हणाली, काळं. का, विचारलं. ती म्हणाली, तेच जास्त खपतं. मी म्हणालो, जास्त खपणं आणि मूळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ती म्हणाली, मग पांढरं घे आणि माझं डोकं खाऊ नकोस.

कोटवाले काका आले होते. पंचेचाळीस वर्षं फक्त कोट शिवतात. पँट मागितली तर शेजारच्या गल्लीत पाठवतात. त्यांचं मत तपकिरी. काळं बटण माणूस म्हातारा झाल्यावर लावतो, म्हणाले. स्वतःच्या कोटाला काळी बटणं होती.

घरी बायकोला विचारलं. ती गणित शिकवते, तिच्याकडे पद्धत असेल असं वाटलं. म्हणाली, चिठ्ठी टाक. मी म्हणालो, हा न्यायाचा प्रश्न आहे. ती म्हणाली, तुला निवड करायची नसली की न्याय आठवतो. लग्नाचा हॉल ठरवतानाही आठवला होता.

तिचं बोलणं मनाला लागलं नाही. विचार मात्र तासभर केला.

६ फेब्रुवारी, गुरुवार. दुपार

तोडगा सापडला. पाळी! सोमवारी काळं मूळ, मंगळवारी तपकिरी, असं रोज एक. त्या दिवशी बाकीची सात पानं मूळ पानाकडे रीडायरेक्ट. रंग आठ आणि वार सात असल्यामुळे मोतिया उरतो. त्याला एक आड एक रविवार.

बॅकअप घेतला. मनात एक शंका: बॅकअप माझ्याच कॉम्प्युटरवर ठेवला तर तो खासगी राहतो. पुस्तकाची जुनी आवृत्ती वाचनालयात सगळ्यांना पाहता येते. वेबसाइटला हाच न्याय का नाही? म्हणून सगळ्या प्रती वेबसाइटवरच ठेवायचं ठरवलं: सुरक्षित-१, सुरक्षित-२ वगैरे. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ: ‘जुन्या प्रती येथे पाहाव्यात.’ लपवाछपवी नको.

८ फेब्रुवारी, शनिवार

यश!!

सर्चचा अहवाल उघडला. ‘सापडलेली पानं’ हा आकडा १,९२० वरून ३,८४० वर. आलेख असा उभा चढला आहे की मान वर करून पाहावं लागतं. सर्चला आपली पानं आवडू लागली आहेत. बरोब्बर दुप्पट झाली, हा गमतीदार योगायोग.

ताईला आलेख दाखवला. तिने चष्मा लावला, पाहिला, काढला. म्हणाली, ऑर्डर? मी म्हणालो, आधी आलेख, मग ऑर्डर. ती म्हणाली, बरं, आलेख कुठल्या खणात ठेवू?

१० फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ६.४५

सुनियोजित आठवडा. आजपासून प्रत्येक बटणासाठी स्वतंत्र, अस्सल मजकूर लिहिणार. आज तीन झाले. एक इथे उतरवून ठेवतो:

‘हे बटण चार भोकांचं असलं तरी त्याचा स्वभाव एकसंध आहे. कडेला जी बारीक उंच रेघ आहे ती केवळ शोभेची नाही. थंडीत बोटं बधिर झाली असताना अंगठ्याला तिचाच आधार होतो. काजातून जाताना ते घाई करत नाही.’

ताईची सून पार्सलं बांधते, तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मामा, छान आहे, पण माप किती आहे ते कुठेच नाही. माप टाकलं तर वाक्याचा तोल जातो, हे तिला समजावलं. ती म्हणाली, आणि टेलरचा शर्ट उघडा राहिला तर?

दिवसाला तीन, म्हणजे २४० ला ऐंशी दिवस. अठ्ठावीस तारखेला अठरा दिवस आहेत. उद्यापासून दिवसाला चौदा.

११ फेब्रुवारी

दोन. टिचबटणापाशी अडलो. दाबल्यावर येणाऱ्या आवाजाला शब्द सापडत नाही. दोन तास नुसतं टिचबटण लावत आणि काढत बसलो. ताई आतून ओरडली, तो आवाज बंद कर नाहीतर मी दुकान बंद करते.

१२ फेब्रुवारी

सापडलेली पानं ७,६८०. बरोब्बर चौपट. मजकूर लिहिण्याचं काम थोडं बाजूला ठेवलं तरी चालेल असं दिसतं. आलेख आपोआप चढतो आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. दुपारी ४

आज जानेवारीपूर्वीच्या साइटचे जुने पत्ते. सहाशे बारा. सगळे वहीत पट्टी लावून लिहिले: डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा, मधे बाण. बाण हाताने काढले, पण सारखे आले आहेत.

अडचण एकशे बारा पत्त्यांची. ही बटणं आता मिळतच नाहीत. शिंगाची, शिंपल्याची, जुनी पितळी, बहुतेक कोटाचीच. कोर्समध्ये म्हटलं होतं, अशा वेळी जवळच्या एखाद्या पानावर रीडायरेक्ट करा. मला ते पटलं नाही. शिंगाचं बटण शोधत आलेल्या माणसाला न सांगता प्लॅस्टिकसमोर उभं करायचं? ही फसवणूक आहे.

म्हणून एक क्षमापत्र लिहिलं. वर शीर्षक: ‘क्षमस्व. आपण शोधत असलेली कोटाची बटणं आमच्याकडे नाहीत.’ खाली मजकूर, अंदाजे सातशे शब्द. शिंगाची बटणं का संपली, पितळी बटण बनवणाऱ्या कारखान्याचं काय झालं, एखादं बटण हरवल्यावर माणूस इतका अस्वस्थ का होतो, आणि शेवटी दुकानाचा फोन नंबर: ‘आपल्या कोटाला साजेसं दुसरं काही सुचवता आलं तर आम्हाला आनंद होईल.’

लिहिताना एकदाही अडलो नाही. कमाल आहे. एकशे बारा पत्ते या पानाकडे वळवले. शिवाय साइटवर जे जे काही सापडणार नाही, तेही इकडेच येईल अशी सोय केली. कुणी आपल्या दारातून न बोलता परत जाऊ नये.

ताईला कारखान्याचा परिच्छेद तेवढा वाचून दाखवला. म्हणाली, गिऱ्हाइकाला बटण हवं असतं रे, मृत्युलेख नको असतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी कोटवाले काकांचा फोन. ते घरून साइट पाहात होते. म्हणाले, काळं बटण उघडलं तर मला तपकिऱ्याकडे पाठवतं, तिथे पोचायच्या आत परत काळ्याकडे, पुन्हा तपकिऱ्याकडे. शेवटी फोनच म्हणाला की आता माझ्याच्याने होत नाही. मी बटण घ्यायला आलोय की दाखला काढायला?

तपासलं. सोमवारी तपकिरी पानाला काळ्याकडे वळवलं होतं. मंगळवारी पाळी बदलल्यावर काळ्याला तपकिऱ्याकडे वळवलं, पण सोमवारचा बाण तसाच राहिला. दोघंही दारात उभे राहून एकमेकांना ‘आधी तुम्ही’ म्हणत आहेत, आणि आत कुणीच जात नाही. इतर छत्तीस बटणांचं हेच.

दोष पद्धतीचा नाही. पद्धत सभ्य आहे. सभ्यतेचा अतिरेक झाला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

चक्र तोडलं! आता काळ्या बटणाचा जुना पत्ता उघडला की माणूस आधी कोटाच्या पानावर जातो, तिथून चार भोकांच्या, तिथून त्या दिवशीच्या मूळ रंगाच्या, तिथून काळ्याच्या पानावर. फक्त चार थांबे. कोटवाले काकांना फोन करून पाहायला सांगितलं. पोचले. म्हणाले, तेवढ्या वेळात चालत आलो असतो तुझ्याकडे.

पण पोचले, हे महत्त्वाचं.

१९ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ६ (खरंच सहा)

१५,३६०. आठपट. मुद्दाम कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं.

मी स्वतःला विचारलं: मला गर्व होतो आहे का? थोडा होतो आहे. पण कामाचा गर्व आणि स्वतःचा गर्व यांत फरक आहे, आणि हा बहुतेक पहिल्या प्रकारचा आहे. दोन्हींचं प्रमाण काय, हे उद्या निवांत पाहीन.

दुपारची भर: सूनबाईने विचारलं, मामा, आपल्याकडे पंधरा हजार बटणं आहेत कुठे? मी शांतपणे सांगितलं की ती या क्षेत्रात नवीन आहे. ती म्हणाली, हो, बरोबर, आणि पार्सलाला टेप लावायला लागली. आवाज जरा मोठा येत होता.

ताईच्या मनःस्थितीत फरक आहे. सारखी फोनवर असते. तिसऱ्यांदा म्हणाली, कोण मेलं हे गावभर सांगत सुटलंय. काय, ते विचारलं नाही. दुकानाच्या भानगडी तिच्या, वेबसाइट माझी. कामाची विभागणी पाळलेली बरी.

२१ फेब्रुवारी

सर्दी. काम नाही. सर्दीतही बॅकअप घेतला, हे इथे नोंदवतो.

२३ फेब्रुवारी, रविवार. रात्री ९

आज दुकान बंद, पण सूनबाईने मला बोलावून घेतलं. माझा कॉम्प्युटर तिने आधीच उघडून ठेवला होता. (पासवर्ड तिला कसा कळला ते विचारलं. तो मी मॉनिटरवर चिकटवला आहे.)

ती म्हणाली, मामा, बसा. हे ‘सुरक्षित’ काय आहे?

बॅकअप, म्हणालो.

किती?

चार तारखेपासून रोज एक. कालचा धरून एकोणीस.

साइटवरच? सगळ्यांना दिसतील असे?

मी वाचनालयाचं तत्त्व सांगितलं. ती ऐकत होती. मग कागद ओढला आणि लिहिलं: मूळ साइट एक, प्रती एकोणीस, एकूण वीस. वीस गुणिले १,९२०, बरोबर ३८,४००. सर्चला प्रती सापडायला काही दिवस लागत होते, आता सगळ्या सापडल्या, म्हणाली, आणि आज सकाळचा अहवालातला आकडा दाखवला. ३८,४००.

मी म्हणालो, म्हणजे पानं वाढत होती ती...

ती म्हणाली, हो मामा. तुम्ही डुप्लिकेट पानं कमी करायला बसलात आणि रोज संध्याकाळी अख्ख्या दुकानाची एक नक्कल शेजारी उभी केलीत. वर पाटी लावलीत, या आणि बघा.

मग विचारलं, ताईला सांगितलंस? ती म्हणाली, नाही, आधी तुम्हाला. तिच्याबद्दल मनात आदर उत्पन्न झाला. तिने अहवालातली आणखी एक गोष्ट दाखवली: सर्चने मूळ साइट म्हणून सुरक्षित-७ ला मान्यता दिली आहे. आपल्याला नाही.

ठरलं असं: गुरुवारी पार्सलं संपल्यावर ती सगळ्या प्रती काढून टाकणार. तोवर मामा, कशालाही हात लावू नका, म्हणाली. दोनदा म्हणाली.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. तिने मला जवळ घेतलं. मग तिचे खांदे हलत आहेत असं लक्षात आलं. रडत नव्हती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

तीन दिवस राहिले आहेत. मन शांत आहे. चूक कबूल केली की माणूस हलका होतो.

एक विचार मात्र छळतो आहे. सर्च म्हणतो सुरक्षित-७ मूळ आहे. माझ्याने तर एका कोटाच्या बटणाचं मूळ ठरत नव्हतं. मग त्याच्या निर्णयाला आव्हान देणारा मी कोण? लोक सुरक्षित-७ वर जाणार असतील, तर आपणच आपली सगळी पानं तिकडे रीडायरेक्ट केली तर भांडणच मिटतं. थांबे नाहीत, पाळी नाही. एका ओळीचं काम.

सूनबाईने हात लावू नका म्हटलं होतं. पण तिचा रोख मोठ्या बदलांवर असणार. ही एकच ओळ.

केलं. तिला सांगणार होतो, पण ती एकशे वीस टिचबटणं मोजत होती आणि मधे बोललं की तिला पहिल्यापासून मोजावं लागतं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ५

सूनबाईने ठरल्याप्रमाणे सगळ्या प्रती काढल्या. सुरक्षित-१ ते सुरक्षित-१९. सात धरून.

आपली सगळी पानं सुरक्षित-७ कडे जातात. सुरक्षित-७ अस्तित्वात नाही. जे अस्तित्वात नाही ते क्षमापत्राकडे जातं.

आता आपल्या साइटवर कुठलंही बटण उघडा. शर्टाचं, कोटाचं, उशीच्या अभ्र्याचं. समोर सातशे शब्दांची दिलगिरी.

सूनबाई खुर्चीत बसली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, एक ओळ, मामा? एकच ओळ? मी हो म्हणालो. आज दुरुस्त करायला वेळ नाही, उद्या दुपारची पार्सलं गेली की बघते, म्हणाली.

उद्या अठ्ठावीस.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी १

घडलं तसं लिहितो.

सकाळी अकराला ताईने मागच्या खोलीत स्टूल घेतलं, चष्मा लावला आणि फोन हातात घेतला. मी होतो, सूनबाई होती. कोटवाले काका बारा काळी बटणं घ्यायला आले होते, तेही थांबले. ताई एका बोटाने टाइप करते. ‘कोटाची बटणं’ लिहायला तिला जो वेळ लागला त्यात मी कडीला बांधलेली तीस बटणं मोजली.

मी आधीच सांगून टाकणार होतो. तोंडही उघडलं होतं. ती म्हणाली, थांब, आलंय.

पहिलं पान. वरून चौथं. आपलं दुकान.

ताईने मोठ्याने वाचलं: क्षमस्व. आपण शोधत असलेली कोटाची बटणं आमच्याकडे नाहीत.

कोटवाले काकांनी हातातली पुडी वर धरली. म्हणाले, मग ही कुणाची?

सूनबाई हळूच म्हणाली, अख्ख्या साइटवर दुसरीकडे कुठेच नसलेला मजकूर या एकाच पानावर आहे, म्हणून तेवढंच वर आलं. ताईने तिचं ऐकलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. म्हणाली, हे तू लिहिलंस? पंधरा दिवस मला फोन येतायत. टेलर, शिवणक्लासवाल्या बाया, कोण कोण. सगळे एकच म्हणतात, तुमच्याकडे कोटाची बटणं नाहीत असं कळलं, मग दुसरं काय आहे? प्रत्येकाला सांगते, आहेत हो बाबा, ढिगाने आहेत, किती पाठवू? आणि पाठवते. मला वाटलं हे मोबाइल कव्हरवाला पसरवतोय, मी दुकान बंद करावं म्हणून! बुधवारी त्याला दारात उभा करून सुनावलं. म्हटलं, खोली तर नाहीच, पण पुन्हा पायरी चढलास तर बघ.

मग काका हसायला लागले, मग सूनबाई, आणि सगळ्यात शेवटी ताई. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाली, पहिल्या पानावर आलं ना? माझा शब्द म्हणजे शब्द. खोली राहिली.

खोली राहिली! खण राहिले! पद्धत कशीही असो, अट पूर्ण झाली आहे. वर्णनापेक्षा क्षमापत्रं लिहिण्याकडे आपला कल आहे, हे या निमित्ताने कळलं. या दिशेने पुढे विचार करता येईल.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६

सूनबाईने दुपारी दोन ते पाचमध्ये साइट सरळ केली. २४० बटणं, २४० पानं, रंग निवडायला पानावरच छोटे गोल. पाळी बंद. जुना पत्ता, एक बाण, नवं पान. फोनवर केलं, मधे दोनदा चहाही केला. क्षमापत्र काढू का, विचारलं तर म्हणाली, नको मामा, राहू द्या, तेच आपलं चालतं पान आहे.

१ मार्च, शनिवार. सकाळी १०

झोप लागली नाही. निरपराध माणसाने माझ्यामुळे बोलणी खाल्ली होती. नऊ वाजता कव्हरवाल्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. प्रती, पाळी, क्षमापत्र, अथपासून इतिपर्यंत. त्याने मधे एकदाही अडवलं नाही. सज्जन माणूस आहे. शेवटी म्हणाला, म्हणजे दादा, ताईंचा माझ्यावर राग नाही?

मी म्हणालो, मुळीच नाही.

म्हणाला, मग जागेचं पुन्हा विचारायला हरकत नाही.

१ मार्च. दुपारी ३

ताईने त्याची माफी मागितली. खोटा आळ घेतल्यावर नुसत्या तोंडी माफीने तिचं भागत नाही, हा आमच्या घरातला दोष आहे. खणांना हात लावणार नाही, म्हणाली, पण तुला जागा देते. दुकानभर नजर फिरवली. काउंटरच्या डावीकडे, काचेला लागून, दोन माणसं उभी राहतील एवढी जागा निघते. वेबसाइट आता सूनबाई फोनवर बघते, तेव्हा माझं टेबल आणि कॉम्प्युटर तिथे असण्याचं तसं कारण नाही.

तत्त्वतः योग्य निर्णय आहे. मीही हाच घेतला असता. फक्त घ्यायला वेळ लावला असता.

टेबलाचं एक टोक मी धरलं, दुसरं कव्हरवाल्याने. दारातून काढताना म्हणाला, दादा, जरा आडवं करा. आडवं केलं. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, कुठे ठेवायचं?

मी म्हणालो, जरा विचार करू द्या.

तो टेबल हातात धरून फूटपाथवर उभा राहिला.